आधी गिऱ्हाईक, मग गाळा

अगं, फोनवर तू एका दमात सगळं सांगून टाकलंस. गुलबर्ग्यात स्टेशन रोडला गाळा बघितलाय, बोर्डाचा रंगसुद्धा ठरलाय, कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा धंदा टाकायचाय, ‘अक्का, तू फक्त हो म्हण.’ मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तुझे मामंजी शेजारीच बसलेत हे मला ऐकू येत होतं, आणि पैशाचं बोलणं चारचौघांत करू नये. म्हणून आता निवांत सांगते. धंद्याला माझा हो आहे. गाळ्याला नाही. निदान पहिलं वर्षभर तरी नाही.

रागावू नकोस. नीट ऐक. तुझ्याकडे आज काय आहे? आईकडून आलेला हात आहे, कागदासारखी पातळ भाकरी न फाटता उलटणारा. गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे दोन हजार येतात, त्यातले तू साठवलेत. घरचा जोंधळा आहे. एवढ्या भांडवलातला मोठा वाटा डिपॉझिटात अडकवलास तर उरलेल्या पैशात पीठ, तवे, पाकिटं आणि पहिल्या तीन महिन्यांचा तोटा कसा निभावायचा? आणि भाडं फार निर्दय असतं बाई. पोराला ताप आला, गावात लग्न निघालं, तू दुकान उघडलं नाहीस, तरी पहिल्या तारखेला ते द्यावंच लागतं. शिवाय कडक भाकरी काय चहा आहे, की रस्त्याने जाणारा थांबून घेईल? ती घरी न्यायची वस्तू. गिऱ्हाईक एकदा चव बघून मग महिन्यातून दोनदा घेतं. अशा मालाला रस्त्यावरचा गाळा लागतच नाही, लागतात ती वीस-पंचवीस पक्की घरं, दोन-तीन किराणावाले आणि एखादी मेस.

मुंबईत १५ मार्च १९५९ला गिरगावातल्या सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. त्यातूनच पुढे लिज्जत उभं राहिलं. जसवंतीबेन पोपट त्या सातजणींतल्या एक, २०२१ला त्यांना पद्मश्री जाहीर झाली. सगळे लिज्जतचं कौतुक करतात, पण त्या बायकांनी काय केलं नाही हे कुणी बघत नाही. त्यांनी दुकान घेतलं नाही. चाळीची गच्ची वापरली. पुढे पसारा वाढल्यावरही मळलेलं पीठ बायका घरी न्यायच्या आणि लाटून, वाळवून पापड परत आणून द्यायच्या. जागेचा सगळ्यात मोठा खर्च त्यांनी असा घराघरांत वाटून टाकला. तुझ्याही अफजलपूरच्या घरामागची ती पत्र्याची खोली रिकामी आहे ना? मामंजींचं जुनं सामान एका कडेला लावलं तर तिथं दोन चुली आरामात बसतील. माल तिथं कर आणि वीक गुलबर्ग्यात.

आता गुलबर्गाच का, सोलापूर का नको, हे तू विचारलं होतंस. विचारायलाच हवं, कारण आपण मधल्या मुलखातली माणसं. आपलं निम्मं गणगोत अक्कलकोट-सोलापूरकडचं, आणि अफजलपूरहून दोन्हीकडे जाता येतं. सोलापूर मोठं आहे, तिथं मराठीत बोलून माल खपेल, हे खरं. पण कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोलापुरात विकायची म्हणजे तिथल्या शेकडो बायकांशी त्यांच्याच अंगणात स्पर्धा. त्या वर्षानुवर्षं हेच करतात आणि त्यांचे व्यापारी ठरलेले असतात. गुलबर्ग्यातही करणाऱ्या आहेतच. तरी तिथं तुझ्यासाठी दोन गोष्टी जमेच्या. एक तर जून २०२३पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना राज्याच्या हद्दीत साध्या सरकारी बसला तिकीट नाही. आठवड्यात तीन खेपा केल्यास तरी तुझा प्रवास फुकट. सीमा ओलांडलीस की हा हिशेब बदलतो. महाराष्ट्रात एसटीला बायकांना निम्मं तिकीट आहे, तेही त्यांच्या हद्दीतलं.

दुसरी गोष्ट नावाची. जिल्हा प्रशासनानं बायकांच्या बचत गटांना एकत्र आणून ‘कलबुर्गी रोट्टी’ या, म्हणजे गुलबर्ग्याच्याच, नावानं जोंधळ्याची भाकरी बाजारात आणली. जून २०२५च्या ‘मन की बात’मध्ये प्रधानमंत्र्यांनीही तिचा उल्लेख केला. तू म्हणशील, म्हणजे स्पर्धा आणखी वाढली. मला उलट वाटतं. आपल्या आज्जीच्या काळी भाकरी विकत घेणं म्हणजे घरच्या बाईला नावं ठेवण्यासारखं होतं. आता शहरातली नोकरदार सून भाकरीचं पाकीट पिशवीत टाकताना इकडेतिकडे बघत नाही. लोकांची ही लाज दुसऱ्या कुणीतरी मोडून दिली आहे, तिचा फायदा घे. जमलं तर आधी एखाद्या गटात चार महिने भाकरी करून दे. एका मापाच्या, एका वजनाच्या, एकसारख्या भाजलेल्या भाकऱ्या रोज करणं वेगळं आणि घरात पाहुण्यांना वाढणं वेगळं, हे तिथं हाताला कळेल. पैसे मिळतील ते वेगळेच.

आता हिशेब. इथं मात्र तुला जरा कान धरून बसवणार आहे, कारण तू भाव सांगितलास सहा रुपये. कुठून काढलास? ‘पीठ-गॅस जाऊन दीड-दोन रुपये उरतात की’ म्हणालीस. बघ हं. आकडे मी धरून चाललेय, तू तुझे घालून बघ. समज, जोंधळा दळणासकट किलोला पन्नास रुपयांना पडला आणि किलोभर पिठाच्या पातळ भाकऱ्या सोळा झाल्या. भाकरीमागे पीठच तीन रुपयांच्या वर गेलं. जळण एक रुपया. पाकीट, चिठ्ठी, खोकं मिळून आठ आणे. झाले साडेचारच्या थोडे पुढे. दहांतली एक भाकरी तुटणार, भाजताना नाहीतर बसमध्ये, म्हणजे ती रक्कम पाचांवर गेली. पीठ-जळणापर्यंत तूही आली होतीस. पण थापली कुणी? तासाला पंचवीस भाकऱ्या होतात आणि तासाची मजुरी साठ रुपये धरली, तर तुटलेल्यांसकट भाकरीमागे अडीचच्या वर मजुरी बसते. झाले पावणेआठ. तू सहाला विकलीस तर गिऱ्हाइकाला भाकरी देतेस आणि वर स्वतःच्या खिशातले पावणेदोन रुपयेही देतेस. फक्त ते दिसत नाहीत, कारण मजुरी तुझी आहे आणि ती मागायला कुणी दारात येत नाही.

दहा रुपयांना विकायची ठरवलीस आणि दुकानदाराने दोन रुपये ठेवून घेतले, तर तुला आठ मिळतात, म्हणजे हातात उरतात जेमतेम चार आणे. तीच भाकरी थेट घरी किंवा होस्टेलवर पोचवलीस तर दोन रुपयांच्या वर सुटतात. म्हणून पहिली दोन वर्षं थेट गिऱ्हाईक जास्त आणि दुकानं कमी, असंच धर. नर्सिंग आणि इंजिनिअरिंगच्या मुलींची वसतिगृहं आहेत, दवाखान्यांत रात्रपाळी करणाऱ्या बायका आहेत, सेडम रोडकडच्या नव्या वसाहती आहेत. आणि खरी मिळकत चटणीत आहे हे ध्यानात ठेव. भाकरी घेणारी बाई चटणी मागतेच, आणि चटणी तुटत नाही, जागा कमी खाते, बसमध्ये दबत नाही.

तुटलेल्या भाकऱ्या फेकायच्या नाहीत, गं. चुरा वेगळ्या पिशवीत भर आणि कमी भावात दे. आमटीत किंवा दह्यात कुस्करून खाणारी म्हातारी माणसं तो मुद्दाम मागतात. तुझे दाजी तर अख्खी भाकरी दिली तरी आधी तिचा चुरा करतात, मग मी अख्खी का वाया घालवू?

माल सांभाळायच्या दोन-चार गोष्टी तुला ठाऊक आहेत, तरी सांगते, कारण घरी आपण त्या सोडून देतो. पीठ आठवड्याला लागेल तेवढंच दळून आण. विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापताना कडा चिरतात आणि मग गरम पाणी घालून ओढूनताणून केलेली भाकरी वाळल्यावर तुकडे तुकडे होते. पाकीट भरायची घाई नको. भाकरी तव्यावरून उतरली, निखाऱ्याच्या उबेला उभी करून कडक झाली, तरी पोटात ऊब असते. त्या उबेतच पाकीट बंद केलंस की आत घाम धरतो आणि चार दिवसांत बुरशी. पूर्ण निवू दे. पावसाळ्यात तर निम्माच माल कर. चटणीसाठी शेंगदाणे मंद आचेवर भाज, आणि उन्हाळ्यात एकदम मोठा घाणा काढू नकोस. तेल सुटतं, मग खवट वास येतो. एक खवट पाकीट गेलं की ते घर परत तुझ्याकडे बघत नाही.

जोंधळा मात्र रोजच्या भावात घ्यायचा नाही. घरचा पुरणार नाही, आणि घरचा असला तरी हिशेबात त्याचा बाजारभावच लाव, नाहीतर धंदा चालतोय की शेत धंद्याला पोसतंय हे कळणारच नाही. सुगीत, फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला, शाळू बाजारात आला की गुलबर्ग्याच्या नाहीतर दुधनीच्या बाजारातून पुढच्या सहा महिन्यांचा भरून ठेव. मोठी रक्कम लागेल ती इथं. कर्ज काढायचंच तर याच्यासाठी काढ, बोर्डासाठी नको.

कर्जावरून आठवलं. दर आठवड्याला हप्ता गोळा करायला येणाऱ्या त्या गटकर्जाच्या माणसांपासून लांब राहा. पैसे पटकन देतात, कागद मागत नाहीत, गोड बोलतात. पण आठवड्याचा हप्ता आणि महिन्याने मिळणारी उधारी यांचा मेळ कधीच बसत नाही. वसुलीचा जाच इतका वाढला की फेब्रुवारी २०२५मध्ये कर्नाटक सरकारला त्याविरुद्ध अध्यादेश काढावा लागला. त्यापेक्षा बँकेत जा. २०१५पासूनची मुद्रा योजना आहे. तिच्यातलं पहिल्या पायरीचं शिशु कर्ज पन्नास हजारांपर्यंतचं, त्याला तारण लागत नाही. बँकेतला माणूस दोनदा परत पाठवेल, तिसऱ्यांदा विक्रीची वही घेऊन जा. सहा महिन्यांची वही दाखवणारी बाई आणि नुसता अर्ज घेऊन आलेली बाई यांच्याशी त्याचं बोलणंच वेगळं होतं.

मुंबईच्या गिरणगावात कामगारांना जेवण देणाऱ्या खाणावळवाल्या बायका होत्या. पहाटेपासून राबायच्या, आणि किराण्याची उधारी नि सावकाराचं व्याज यांतच सगळं जायचं. प्रेमा पुरव यांनी १९७५ला त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र केलं आणि गटागटानं राष्ट्रीयीकृत बँकेची कर्जं मिळवून दिली. त्या बायकांच्या स्वयंपाकात काही खोट नव्हती. त्यांना महाग पैसा खात होता.

कागदपत्रांची तू उगाच धास्ती घेतलीस. खाण्याची वस्तू विकायची म्हणजे अन्नसुरक्षेची नोंदणी हवीच. लहान धंद्याला त्याची फी अगदी किरकोळ असते. त्यांचा चौदा आकडी नंबर मिळतो, तो पाकिटावर छापायचा. जोडीला निव्वळ वजन, किंमत, केल्याची तारीख, किती दिवसांत खावी, तुझं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन नंबर. ही माहिती इंग्रजीत नाहीतर हिंदीत असावी लागते. त्याच्या बरोबरीने कन्नड-मराठी घाल, हवं तेवढं मोठं. उद्यम नोंदणी २०२०पासून आधारवर फुकट होते, सरकारी पोर्टलवर. त्यासाठी कुणी दोन हजार मागितले तर हसून बाहेर ये. पुढेमागे गाळा घेतलासच तर महापालिकेचा व्यापार परवाना आणि कामगार खात्याची दुकान नोंदणी लागेल, आणि पाटीवर साठ टक्के कन्नड लागेल, तसा २०२४ला कायदाच झाला आहे. तेव्हा ती जांभळ्या अक्षरांतली मराठी पाटी रंगवायला देऊ नकोस अजून.

एक गोष्ट मात्र सीमेवरच्या माणसानं विसरायची नाही. राज्यातल्या राज्यात माल विकलास तर वर्षाला चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही, आणि आपण कुठे चाळीस लाखांवर चाललोय! पण अफजलपुरात केलेली चटणी सोलापुरातल्या दुकानात धाडलीस की तो दोन राज्यांमधला व्यवहार झाला. मग करपात्र मालाला ती चाळीस लाखांची सूट लागू होत नाही, पहिल्या पाकिटापासून नोंदणी. आपल्याला अक्कलकोट म्हणजे शेजारचं गाव वाटतं, कर खात्याला ते परराज्य आहे. रोटी-चपातीवरचा कर सप्टेंबर २०२५मध्ये काढून टाकला, चटणीवर मात्र तो आहे. म्हणून सोलापूरच्या मामांनी ‘पाठव की दोन खोकी, मी दुकानातून विकतो’ म्हटलं तरी आधी एखाद्या कर सल्लागाराला अर्धा तास विचार. त्याची फी दे आणि मगच मामांना हो म्हण.

आता घरचं बोलू. पैसे जमा होतील ते खातं तुझ्या एकटीच्या नावावर हवं, आणि दुकानात-वसतिगृहात देशील तो क्यूआर त्याच खात्याचा. जावईबापू चांगले आहेत, माझा त्यांच्यावर राग नाही. पण धाकट्या दिराच्या फोनवर पैसे घेऊ, संध्याकाळी तो देईल, ही जी तुमची योजना आहे ना, ती आजच मोडून टाक. संध्याकाळी तो देईलच. सहा महिन्यांनी मात्र कुणालाच सांगता येणार नाही की धंद्यात किती आले आणि पेट्रोलमध्ये किती गेले. रोज झोपण्याआधी वहीत तीन ओळी लिही: किती केल्या, किती गेल्या, किती पैसे आले. तुला लिहायचा कंटाळा आहे, मला माहीत आहे. मग पोरीकडून लिहून घे, तिचं अक्षरही सुधारेल.

जाऊ थापायला येणार म्हणतेस. उत्तम. पण ‘घरचंच आहे’ म्हणून तिला तसंच राबवू नकोस. शेकड्याला काय ते ठरव आणि रोजच्या रोज रोख हातावर ठेव. सासूबाईंना गल्ल्यावर बसव. म्हणजे बसणं नावापुरतंच, पण घरातल्या थोरल्या बाईला मान मिळाला की चुलीवरून होणारी निम्मी भांडणं होतच नाहीत. आणि गल्लीतल्या, भावकीतल्या बायका उधार मागतील. पहिल्याच दिवशी एक पाकीट प्रत्येकीला चवीपुरतं फुकट दे, सांगून दे, आणि दुसऱ्या दिवसापासून रोख. दुकानदारांनाही पंधरा दिवसांच्या वर उधारी नको. जुनं येणं आल्याशिवाय नवं खोकं उतरवायचं नाही. तिथं तोंड जरा कडू झालं तरी चालेल.

सुरुवात कधी करायची, तर तू दिवाळी म्हणालीस. दिवाळीत लोक गोड आणि फरसाण घेतात, भाकरीला कोण विचारतो? आपला हंगाम मार्गशीर्षात. पौर्णिमेला दत्तजयंती, गाणगापूर आपल्याच तालुक्यात, महाराष्ट्रातून माणसांचा लोंढा येतो. परतीच्या प्रवासाला टिकणारं काहीतरी त्यांना हवंच असतं. पंधरा दिवसांनी वेळ अमावस्या. त्या दिवशी शेतात भज्जी, आंबील, कडक भाकरी असा बेत असतो, आणि शहरात राहणाऱ्या घरांनाही त्या दिवशी भाकरी हवीच, फक्त थापायला वेळ नसतो. त्यामागून लगेच संक्रांत, तेव्हा तीळ लावलेली बाजरीची भाकरी. महिना-दीड महिन्यात तीन मोठे दिवस सापडतात, वर्षात पुन्हा असे नाहीत. म्हणून कार्तिकात कागद पुरे कर, कार्तिकातच ओळखीच्या घरांत चवीची पाकिटं वाट, आणि वेळ अमावस्येच्या मागण्या आठ दिवस आधी लिहून घे, निम्मे पैसे आगाऊ घेऊन. दत्तजयंतीला गाणगापुरात आपल्या आपण पथारी टाकायला जाऊ नकोस, जागेवरून भांडणं होतात. प्रसादाच्या दुकानवाल्यांपैकी एखाद्याशी आधीच बोलून ठेव.

गाळ्याचा मालक थांबत नाही म्हणालीस. थांबू दे नाहीतर जाऊ दे. वर्षाने दुसरा मिळेल, आणि तेव्हा तुला कळलेलंही असेल की गाळा स्टेशन रोडला हवा की आळंद रोडला, की नुसती एक माल ठेवायची खोली पुरते.

पुढच्या आठवड्यात दोन मापांच्या पन्नास भाकऱ्या आणि दोन किलो चटणी घेऊन ये. एक चटणी जास्त लसणाची, एक बिनलसणाची, सोमवार-गुरुवार पाळणाऱ्या घरांसाठी. माझ्या ओळखीच्या दोन मेसवाल्या आहेत, आणि आमच्या गल्लीतली सात-आठ घरं. सकाळच्या पहिल्या बसने निघ. अकराच्या आत फिरून घेऊ. दुपारी दुकानदार झोपा काढतात आणि उठल्यावर भाव पाडून मागतात.